वरपक्षाचा चहा

माणसानं आयुष्यात काय कमावलं, हे शेवटी एकाच गोष्टीवर ठरतं. तो कोणावर अवलंबून न राहता जगला की नाही.

हे वाक्य माझ्या वडिलांचं. ते उच्चारताना अप्पा खाटेच्या कडेला दोन्ही पाय पुढे करून बसले होते आणि आई खाली वाकून त्यांच्या पायांत सपाता घालत होती. "डावा आधी," त्यांनी तिला मध्येच सांगितलं आणि पुन्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "स्वावलंबन. लिहून ठेव, शिऱ्या."

मी लिहून ठेवलं नाही. पण पुढच्या आठवड्यात जे झालं, त्यामुळे ते लक्षात राहिलं.

याला आता नऊ वर्षं झाली. अप्पा तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. चौतीस वर्षं त्यांनी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. स्टँडवरच्या जाळीच्या खिडकीत बसायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते कर्ण्यावरून सांगायचं. निवृत्तीला अठरा वर्षं झाली, तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. ते अंघोळीला निघाले की खालच्या मजल्यावर कळायचं.

भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे पडलंय हे सहन न होऊन ते स्टुलावर चढले. घड्याळ बरोबर लावलं आणि मग पडले. खुब्याचं हाड मोडलं. पडले तेव्हा बरोबर चार वाजून दहा मिनिटं झाली होती, ही माहिती त्यांनी ॲम्ब्युलन्समध्ये स्वतःहून दिली.

शस्त्रक्रिया चांगली झाली. आठव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आमचं काम झालं. आता यांना चालतं-फिरतं करायला तीन आठवडे शुश्रूषा केंद्रात ठेवा." सांगलीतलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी कोल्हापूरला कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. रजा टाकली आणि अप्पांना मिरजेच्या एका केंद्रात दाखल केलं.

हे केंद्र पूर्वी मंगल कार्यालय होतं. मालकानं लग्नांचा धंदा सोडून दुखण्यांचा धरला होता, कारण त्याला मुहूर्त लागत नाही. इमारतीत फारसा बदल केला नव्हता. पुरुषांच्या वॉर्डवर 'वरपक्ष' ही पाटी तशीच होती आणि बायकांच्या वॉर्डवर 'वधूपक्ष'. ज्या स्टेजवर नवरा-नवरी उभे राहायचे, तिथे आता धरून चालायचे दोन लोखंडी दांडे होते. रुखवत मांडायच्या कोपऱ्यात एक ओटा केला होता. त्यावर काळ्या काचेची शेगडी, भांडी, कपबशा, आणि शेजारी एका फळीवर कड्या, कुलपं, बटणं, नाड्या ठोकलेल्या. पेशंटला घरी गेल्यावर जे जे करावं लागणार, त्याची तिथे रंगीत तालीम.

तिथली पद्धत मला पहिल्याच दिवशी समजावण्यात आली. दाखल होताना एक फॉर्म भरायचा, 'पूर्वस्थिती' नावाचा. पडण्याआधी पेशंट स्वतःचं स्वतः काय काय करत होता, त्यापुढे खुणा करायच्या. ज्याच्यापुढे खूण, ते सगळं परत जमायला लागलं की घरी. "आम्ही पेशंटला होता तिथे नेऊन सोडतो," असं तिथल्या उपळावीकर मॅडम म्हणाल्या. वय असेल सव्वीस-सत्तावीस. पदवी मात्र एवढी मोठी होती, की त्यांच्या पाटीवर ती दोन ओळींत गेली होती.

फॉर्म आईनं भरला. मी औषधं आणायला गेलो होतो.

अप्पांना घाई होती. निवृत्त एसटी कर्मचारी संघाची वार्षिक सभा अठरा तारखेच्या रविवारी होती. अकरा वर्षं चिटणीस राहिल्यावर यंदा अध्यक्षपद मोकळं झालं होतं आणि त्यावर घोरपडे नावाच्या निवृत्त वाहकाचाही डोळा होता. उमेदवारानं सभेला स्वतः हजर राहिलंच पाहिजे, असा नियम होता. तो अप्पांनीच चार वर्षांपूर्वी घालून घेतला होता, घोरपडे तेव्हा मुलाकडे बंगलोरला असतो म्हणून.

"घोरपड्या अध्यक्ष झाला तर मी संघ सोडीन," अप्पा म्हणाले.

"संघ सोडायला तरी चालता आलं पाहिजे," आई म्हणाली.

अप्पा चालले. ज्या माणसानं घरात कधी पाण्याचा तांब्या उचलला नाही, तो स्टेजवर दांडे धरून रोज चाळीस फेऱ्या मारू लागला. प्रत्येक फेरीला सुटण्याची आणि पोचण्याची वेळ मोठ्यानं सांगून. तेराव्या दिवशी वॉकर आला, सतराव्या दिवशी जिने. बुधवारी, म्हणजे चौदा तारखेला, मॅडमच्या कागदावर एक सोडून सगळ्या खुणा झाल्या. मी गाडी सांगून ठेवली.

"एक राहिलंय," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी अप्पांना रुखवताच्या कोपऱ्यात नेलं. "आजोबा, एक कप चहा करून दाखवा."

अप्पांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"कोणी?"

"तुम्ही."

"मला नको. झालाय मघाशी."

"प्यायचा नाही आजोबा, करायचा. घरी कसा करता तसा."

"घरी सहाला होतो," अप्पा म्हणाले. "आजवर कधी लेट नाही."

मॅडमनी काहीतरी लिहिलं. अप्पांना परीक्षा आहे एवढं कळलं होतं, आणि परीक्षेत कागद कोरा ठेवणाऱ्यांपैकी ते नव्हेत. एका हातानं वॉकर धरून त्यांनी पातेलं पुढे ओढलं. त्यात दूध ओतलं. चहाची पूड घातली, बरीच घातली. चमच्यानं ढवळलं. मग हात मागे घेऊन ते पातेल्याकडे बघत उभे राहिले. गाडी लागायची वाट बघतात तसे.

तीन मिनिटं गेली.

"ह्याला साधारण किती वेळ लागतो?" त्यांनी मॅडमना विचारलं.

शेगडी चालूच केली नव्हती.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. आवाज एकदम मऊ केला. तिथेच मला धोका कळायला हवा होता.

"घाबरू नका. पण क्रिया सुरू करता येत नाही, क्रमही आठवत नाही. या वयात भूल दिल्यानंतर कधीकधी असं होतं. स्मृतीवर परिणाम."

"मॅडम, त्यांना चहा येत नाही."

"तेच म्हणतेय मी."

"आधीपासूनच येत नाही. जन्मापासून."

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "नातेवाईक सुरुवातीला मान्य करत नाहीत. साहजिक आहे." आणि फॉर्म पुढे केला. 'सकाळचा चहा: स्वतः करतात'. पुढे ठसठशीत बरोबरची खूण, आणि कंसात आईच्या वळणदार अक्षरात, 'रोज. माझाही.'

खाली सही.

"मेंदूचे डॉक्टर मंगळवारी येतात," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी तपासल्याशिवाय मी सोडू शकत नाही. किंवा त्याआधी आजोबांना चहा जमला तर प्रश्नच मिटला."

सभा रविवारी.

मी आईला गाठलं. ती वधूपक्षाच्या व्हरांड्यात ऊन खात शेंगा सोलत बसली होती. शेजारच्या बाईशी तिची मैत्री झालेली दिसत होती. गेले तीन आठवडे ती रोज सकाळी नऊच्या बसनं यायची आणि संध्याकाळी जायची, आणि चेहऱ्यावर थोडं मांस चढलं होतं.

"आई, तू असं का लिहिलंस?"

"मग काय लिहू?" ती म्हणाली. "शहात्तर वर्षांच्या माणसाला घोटभर चहा येत नाही, असं परक्या पोरीला लिहून देऊ? नाव माझं जातं त्यात. काय शिकवलं बाईनं नवऱ्याला, म्हणतील."

"बरं, आता जाऊन खरं सांग."

"म्हणजे सही केलेलं खोटं होतं असं सांगू? पेन्शनच्या कागदांवरपण माझ्या सह्या आहेत."

मला तो युक्तिवाद पटला. मी तर्कशास्त्र शिकवतो हे मघाशी सांगितलंच.

अप्पांना म्हटलं, "चला, आपल्या जबाबदारीवर घरी जाऊ. मी लिहून देतो."

"काय लिहून देतोस?"

"की सल्ल्याविरुद्ध नेतोय म्हणून."

अप्पा ताठ बसले. "चौतीस वर्षांत एक गाडी लॉगशीटशिवाय सोडली नाही. आमदाराची वरात अडवून धरली होती दोन तास. आणि आता मी स्वतः सल्ल्याविरुद्ध सुटू?" मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "आणि घोरपड्याला कळलं म्हणजे? स्मृतीवर परिणाम झालेला उमेदवार?"

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून हसण्याचा आवाज आला.

त्या खाटेवर दस्तगीर मुजावर होते. अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात लुळा पडला होता. नियतीला विनोदबुद्धी असते की नाही, मला माहीत नाही. पण हे मुजावर तीस वर्षं त्याच स्टँडवर कॅन्टीन चालवत होते. अप्पांनी त्यांचा चहा दिवसाला सहा कप या हिशेबानं रिचवला होता आणि दरवेळी नावं ठेवली होती. एकदा तर कर्ण्यावरून जाहीर केलं होतं, 'कॅन्टीनचालकांनी कृपया चहात चहा घालावा.'

"काय कंट्रोलरसाहेब," मुजावर म्हणाले, "चहात चहा घातलासा, पर इस्तू कोण घालणार?"

"दस्तगीर, गप पड."

"गप पडून तीन म्हैने झाले की. मलापण चहाच करून दावायचाय त्या बाईला. तीस वर्सं केला, डोळं झाकून करीन. हात न्हाई उचलत." त्यांनी डाव्या हातानं उजवा उचलून दाखवला आणि खाली टाकला. "तुमचं हात बरं हाईत. डोक्यात काय न्हाई."

अप्पांनी घड्याळाकडे पाहिलं. रविवारला चार दिवस होते.

"किती दिवसांत येतो?" त्यांनी विचारलं.

"पोरीबाळी एका दिवसात शिकत्यात. तुमाला बघू."

शिकवणी गुरुवारी सुरू झाली. मुजावर चाकाच्या खुर्चीत, अप्पा वॉकरला टेकून, मी भांडी धुवायला. मला चहा येतो का, हा प्रश्न इथे गैरलागू आहे.

"हितलं बटण दाबा. लाल आकडा आला? आता पाणी."

"किती?"

"दोन कप."

"मॅडमनी एक सांगितलाय."

"एक कप चहा कुठं होत न्हाई साहेब, आटून जातो. दोनच टाकायचा."

अप्पांनी खिशातून डायरी काढली. पाणी, सुटण्याची वेळ सात. साखर, सात दोन. आलं, सात तीन. पूड, सात पाच. मुजावर ते बघत राहिले.

"साहेब, उकळी काय तुमच्या टाइमटेबलावर येत न्हाई. ती आली की आली."

"का नाही येणार? शेगडी तीच, पाणी तेवढंच."

"तुमची विट्याची गाडी कधी टायमावर आली होती का?"

हा वार वर्मी लागला. अप्पांनी डायरी मिटली.

पहिल्या दिवशीचा चहा वरपक्षाला वाटण्यात आला. चौथ्या खाटेवरच्या गुरुजींनी तो खोकल्याचं औषध समजून प्यायला आणि संध्याकाळी खोकला कमी असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दूध उतू गेलं, कारण अप्पा त्या वेळी साखरेच्या प्रमाणावर वाद घालत होते. मुजावरांनी तीस वर्षांचा हिशोब सव्याज वसूल केला. "पाणचट." "जळका." "ह्यो चहा हाय का गाडी धुतलेलं पाणी?" अप्पा सगळं ऐकून घेत होते. बापाला ऐकून घेताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. रात्री झोपायला जाताना तर ते हळूच म्हणाले, "दस्तगीर, दिवसाला दोनशे कप करत होतास नाही तू?"

"स्टँडला सण असला की पाचशे."

अप्पांनी पांघरूण नीट केलं. "तो कर्ण्यावरचा प्रकार," ते म्हणाले, "जरा जास्तच झाला होता."

"झोपा आता," मुजावर म्हणाले. "उद्या गाळणं धरायला शिकवतो."

शनिवारी सकाळी दहाला परीक्षा. मॅडम कागद घेऊन उभ्या होत्या, मुजावर खुर्चीत, दाराशी आई. अप्पांनी बटण दाबलं, लाल आकडा येईपर्यंत थांबले, दोन कप पाणी मोजून टाकलं. ओठ हलत होते, पण वेळ मोठ्यानं सांगितली नाही. आलं ठेचलं. पुडीचा डबा उचलला आणि तिरक्या नजरेनं मुजावरांकडे पाहिलं. मुजावरांनी डोळ्यांनीच 'अजून नाही' म्हटलं. उकळी आली. पूड. दूध. पातेलं उचलताना एका बाजूला कललं. मी पुढे झालो तर मॅडमनी मला पेनानं अडवलं. अप्पांनी गाळलं. अर्धा चमचा ओट्यावर सांडला, बाकी कपात.

"चहा," अप्पांनी घोषणा केली आणि वधूपक्षातसुद्धा माना वळल्या, "तयार आहे."

मॅडमनी घोट घेतला आणि खूण केली. मुजावरांनी डाव्या हाताची मूठ मांडीवर आपटली.

दुसरा कप उरला होता. अप्पांनी इकडे तिकडे पाहिलं आणि तो दाराशी उभ्या असलेल्या आईसमोर धरला. "घे. जास्तीचा झालाय."

आईनं तो उभ्यानंच घेतला. एक घोट घेतला. मग ओढून खुर्ची घेतली, पदर नीट केला, बसली, आणि उरलेला सगळा सावकाश प्यायली. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती.

"कसा झालाय?" अप्पांनी विचारलं.

"आलं कमी पडलं," ती म्हणाली आणि कपाच्या तळाशी पाहिलं. काही उरलं नव्हतं.

डिस्चार्जच्या कागदांवर सह्या करताना मॅडम मला म्हणाल्या, "तुमच्या आई फार विचार करून लिहितात हो. फॉर्म भरायच्या आधी मला विचारलं, 'बाई, ह्यात जे लिहू ते सगळं आल्याशिवाय तुम्ही सोडत नाही, असंच ना?' मी म्हटलं, 'असंच.' मग चष्मा पुसला आणि बराच वेळ बसून लिहिलं. पुरवणी मागितली."

"पुरवणी?"

त्यांनी मागचं पान उलटलं. 'कपडे वाळत घालणे: स्वतः. भाजी निवडणे: स्वतः. अंथरूण काढणे-घालणे: स्वतः. भाकरी: थापतात, भाजतातही.'

"भाकरीची सोय आमच्याकडे नाही," मॅडम दिलगिरीच्या सुरात म्हणाल्या. "घरकामातला इथे फक्त चहा तपासता येतो. आईंना तसं सांगितलं, तर जरा नाराज झाल्या. मग म्हणाल्या, 'राहू दे, चहा तर चहा.'"

मी व्हरांड्याकडे पाहिलं. आई शेजारणीला उरलेल्या शेंगा देत निरोप घेत होती. मी पान मिटून मॅडमना परत दिलं. वर्गात मी दरवर्षी शिकवतो, की विधान खोटं असेल तर ते कोणी आणि कशासाठी केलं हा वेगळा प्रश्न आहे. तो परीक्षेला येत नाही.

रविवारची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली आणि अर्ध्या तासानं त्याच जागी तेवढ्याच लोकांत पार पडली. अप्पा वॉकर घेऊन अध्यक्ष झाले. पहिल्या भाषणात ते स्वावलंबनावर बोलले आणि ओघात आपण स्वतः चहा करायला शिकल्याचं सांगितलं. चाळीस निवृत्त चालक-वाहकांत शांतता पसरली.

मागच्या रांगेतून घोरपडे उठले. "का?" त्यांनी काळजीनं विचारलं. "वहिनी कुठं गेल्यात?"

त्या रात्री मी सांगलीतच राहिलो. सोमवारी पहाटे जाग आली तेव्हा सहा वाजायला पाच मिनिटं होती. घरात हालचाल नव्हती. पलीकडच्या खोलीत आई चादर गळ्यापर्यंत ओढून पडली होती. डोळे मिटलेले, पण झोपलेल्या माणसाच्या पापण्या इतक्या घट्ट मिटलेल्या नसतात. माझ्या जन्मापासून सहाला आई अंथरुणात आहे, हे दृश्य मी पाहिलं नव्हतं.

सहाच्या ठोक्याला वॉकरचा आवाज झाला. ठक, ठक, ठक. अप्पा उठले, बोळ ओलांडला, स्वयंपाकघरात शिरले. दिवा लागला. पातेलं सापडेपर्यंत तीन डबे पडले. मग पाण्याचा आवाज आला, दोन कपांचा. मी उठलो नाही. आईनं तोंडावरची चादर किंचित खाली केली.

मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"अगं," आतून कर्ण्याचा आवाज आला, "ह्याचं बटण कुठाय?"

आई उठली. केंद्रातली शेगडी विजेची होती. आमच्याकडे गॅस आहे.